बिनफौजी टिटवी

एका जंगलात पक्ष्यांची फौज होती. कुठलं जंगल ते विचारू नका, बाळांनो. विचारलंत की गोष्ट बंद. आणि ती मागची चुळबुळ आधी थांबवा.

तर, फौजेत ससाणे होते. रोज सकाळी ते सरहद्दीवर टेहळणीला जायचे आणि परत येऊन नदीकाठच्या कातळावर उतरायचे. कातळ होता अरुंद. एका वेळी एकानेच उतरायचं. दोघं एकदम आले तर दोघांचीही हाडं मोडणार, हे तुमच्यासारख्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही कळतं.

म्हणून कातळामागच्या टेकाडावर एक टिटवी उभी असायची. तिचं नाव भिवराबाई. वारा बघायची, आभाळ बघायची आणि ओरडायची, "तू उतर! तू थांब, घिरट्या घाल!" टेकाडावरून हुकूम आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, हा फौजेचा कायदा. बारा वर्षं ती ओरडली. बारा वर्षांत कोणाचं पीससुद्धा वाकडं झालं नाही.

मग तिचं वय झालं. म्हणजे कागदावर झालं. घसा अगदी ठणठणीत होता. पण सरसेनापती गरुडांनी तिला हार घातला, लांबलचक भाषण केलं आणि घरी पाठवलं. बाकीच्या जाणत्या टिटव्यांना आधीच कचेरीत शिक्के मारायला बसवलं होतं. आता नव्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. आला, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली.

"बाहेरून शिक्षक आणू," गरुड म्हणाले. "कंत्राटावर. बिनफौजी."

अटी दोनच. शिक्षकाला फौजेच्या टेकाडावरचा दहा वर्षांचा अनुभव हवा. आणि शिक्षक फौजेतला नको.

कंत्राट मिळालं मुंगूसशेठला. समितीने विचारलं, "पक्ष्यांशी तुमचा काही संबंध?"

"काय बोलता, साहेब!" मुंगूसशेठ म्हणाला. "अंड्यात असल्यापासून ओळखतो एकेकाला."

उत्तर ऐकून समिती खूश झाली. हसताय काय? मला तर रडू येतं.

मुंगूसशेठ तडक भिवराबाईंकडे गेला. "चला बाई, टेकाडावर."

"अहो, परवाच तर हार घालून हाकललंय मला!"

"परवा तुम्ही म्हाताऱ्या होतात. आता तज्ज्ञ आहात."

बाईंना घरी करमत नव्हतंच. त्यांनी कंत्राटावर पायाचा ठसा उमटवला. खाली बारीक अक्षरात एक कलम होतं. बिनफौजी शिक्षकाने हुकूम द्यायला शिकवावं, पण स्वतः हुकूम देऊ नये. शिकाऊ पक्षी हुकूम देत असताना चोच मिटून उभं राहावं आणि काही चुकलं तर सात दिवसांत लेखी कळवावं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "बरं बाई, जशी तुमची मर्जी."

शिकायला आली मंजुळा नावाची साळुंकी. पोरगी हुशार. चाळीस हुकूम चार दिवसांत पाठ. शेवटाकडून सुरुवातीकडेही म्हणून दाखवायची.

भिवराबाई करवादायच्या. "अगं, पाठ काय करतेस? वर बघ! कोण दमलंय, कोणाचा पंख ओढतोय, ते बघ!"

मंजुळाने हे वाक्यही पाठ केलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. टेकाडावर गरुडसाहेब, समिती, मुंगूसशेठ, सगळे हजर. मंजुळा पुढे, भिवराबाई मागे. खाली नदीला लोंढा आलेला.

तेवढ्यात पूर्वेकडून चंद्राऊ नावाची ससाणी आली. सरहद्दीवर तिची झटापट झाली होती. उजवा पंख फाटला होता आणि ती कशीबशी तरंगत होती. पश्चिमेकडून आले सुभेदार रायभान. त्यांना काही झालेलं नव्हतं. जेवायची घाई होती, एवढंच.

मंजुळा खणखणीत आवाजात म्हणाली, "सुभेदार रायभान, उतरा! चंद्राऊ, घिरट्या घाल!"

अकरावा हुकूम. थोरला आधी. एक अक्षर चुकलं नव्हतं. समितीने माना डोलावल्या.

"पंख गेलाय!" चंद्राऊ वरून ओरडली. "एक घिरटीसुद्धा जमणार नाही!"

"चंद्राऊ, घिरट्या घाल!" मंजुळा पुन्हा म्हणाली. तिला दुसरं काय येत होतं?

आणि फौजेची शिस्त बघा. चंद्राऊ खरंच वळली. वळली आणि झुकली, सरळ पाण्याच्या दिशेने.

"साहेब, ती पडतेय!" भिवराबाई कळवळल्या.

"बाई, कलम," गरुड म्हणाले.

"मेलं ते तुमचं कलम!" असं म्हणून त्या मंजुळाला ढकलून पुढे झाल्या. "रायभान, वर हो! चंद्राऊ, उतर! आत्ता! सरळ ये, माझ्याकडे बघत ये!"

बारा वर्षांच्या सवयीचा आवाज तो. रायभान विचार न करता वर उडाले. चंद्राऊ कातळावर येऊन आदळली, धापा टाकत, पण जिवंत. या जागी आलो की माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला सांगू?

त्याच दुपारी चौकशी बसली. समितीचं म्हणणं असं. हुकूम बिनफौजी तोंडातून आला, म्हणजे तो हुकूमच नव्हे. हुकूम नाही, म्हणजे चंद्राऊ उतरलीच नाही. वहीत नोंद झाली, "ससाणी चंद्राऊ घिरट्या घालत आहे."

चंद्राऊ पंख ओढत दवाखान्यात गेली. वैद्य होता धनेश. त्याने नोंद बघितली. "तू वर आहेस. खाली आलीस की ये, लगेच बघतो."

मग भिवराबाई तिला घेऊन मंजुळाकडे गेल्या. एव्हाना मंजुळा पहिल्या नंबरने पास होऊन टेकाडावर रुजू झाली होती.

"एकदा 'उतर' म्हण गं हिला. तुझं काय जातंय?"

"बाई, हुकूम आभाळातल्या पक्ष्याला द्यायचा असतो," मंजुळा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "ही तर माझ्यासमोर बसलीय."

शेवटी बाईंनीच पाला वाटून पंखाला लावला. जखम भरली, पण पंख वाकडा बसला. चंद्राऊ पुन्हा काही उडाली नाही.

भिवराबाईंचं कंत्राट रद्द झालं. नव्या कंत्राटात एक अट वाढली, शिक्षकाला आवाज नसावा. मुंगूसशेठने दुसऱ्याच दिवशी कासव आणून उभं केलं. समितीला ते फार आवडलं.

वर्ष सरलं. फौजेचा मोठा समारंभ झाला. सगळ्यात जास्त काळ आकाशात राहिल्याबद्दल चंद्राऊला पदक जाहीर झालं. सगळ्या फौजेने वर बघून पंख फडफडवले. चंद्राऊ शेवटच्या रांगेत, भिवराबाईंच्या शेजारी बसली होती. तिनेही वर बघितलं.

तात्पर्य: बाळांनो, कोणाला वाचवायची हौस आलीच, तर आधी अधिकार कोणाचा ते विचारून यावं. तोवर तो बुडाला, तर निदान रीतसर बुडाला. आणि तुमच्या आगाऊपणामुळे चुकून वाचलाच, तर तो वाचलाय हे त्याने कोणाला दाखवत फिरू नये.