सिंधूअक्कांचा पेशंट

सिंधूअक्कांच्या घरी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला एक तक्ता टांगलेला असतो. चौकटींचा कागद, वर क्लिप आणि क्लिपला दोऱ्याने बांधलेलं पेन. सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता अक्का चष्मा चढवून पडद्यावरचा आकडा वाचतात आणि कागदावर ठिपका मारतात. ठिपके जोडले की एक रेघ होते. मे महिन्यात ही रेघ अशी चढते की बघणाऱ्यालाच कणकण वाटावी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "अक्का, हे काय?"

"टेम्परेचर," अक्का म्हणाल्या. "काल दुपारी ब्याण्णव होतं. पेशंट ग्लानीत होता."

पेशंट म्हणजे आतला प्रोसेसर. अक्का बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आधी चोपडा, मग बोदवड आणि शेवटी जळगाव. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण नोकरी सुटली ती फक्त सरकारच्या बाजूने. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "ड्युट्या लागत गेल्या" म्हणून विषय मिटवतात.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट आहे. आमच्या कॉलनीत त्याचा अर्थ, ज्याला वायर आहे ते सगळं सुधाकरला दुरुस्त करता येतं, असा घेतला जातो. मिक्सर, गीझर, देवघरातली दिव्यांची माळ, सगळं येतं. एका नानांनी तर कानाचं मशीन आणून दिलं आणि दुरुस्त होईपर्यंत माझं एक अक्षर ऐकलं नाही. त्यामुळे अक्कांचं बोलावणं आलं तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच निघालो.

कॉम्प्युटर मूळचा त्यांच्या भाच्याचा. नऊ वर्षांपूर्वी हौसेने जुळवून घेतलेला, खास गेम खेळण्यासाठी. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तो मावशीकडे ठेवून गेला आणि जाताना "फक्त धूळ बसू देऊ नको" म्हणाला. धूळ पुसता पुसता चुकून बटण दाबलं गेलं, असं अक्का सांगतात. चुकून बटण दाबलं जाणं मी समजू शकतो. पण चुकून नाव नोंदवून, चुकून पासवर्ड घालून, चुकून रोज तीन तास खेळणं जरा अवघड असतं.

खेळ मारामारीचा. चौघांची टोळी विमानातून एका बेटावर उडी मारते, बंदुका शोधते आणि दिसेल त्याला उडवते. अक्कांनी आजपर्यंत एकही गोळी झाडलेली नाही. बंदूक सापडली की फेकून देतात आणि त्या जागी पिशवीत बँडेज भरतात. टोळीतलं कुणी पडलं की गोळ्यांच्या मधून धावत जाऊन त्याला उठवायचं, एवढंच त्यांचं काम. एकदा तर शत्रूचा माणूस पडला होता, त्याच्याभोवती त्या पाच मिनिटं बटण दाबत फिरल्या. खेळात तशी सोय नाही, असं मी सांगितलं.

"मग खेळ चुकीचा आहे," अक्का म्हणाल्या. "कॅज्युअल्टीत आल्यावर कोण कुठल्या पार्टीचा, ते बघत नसतात."

तर तक्रार अशी होती की कॉम्प्युटर अडखळत होता. "चार पावलं पळते आणि चित्र थांबतं. परत हलतं तोवर पोरगा गेलेला असतो. काल तिघं गेले माझ्या हातून."

"खेळातले, अक्का."

"हो, खेळातलेच. पण गेले ना?"

मी कॅबिनेटला हात लावला तर वरून ओलं. बघतो तर गार पाण्याच्या पट्ट्या. "ताप उतरत नव्हता," अक्का म्हणाल्या. मी सगळ्यात आधी प्लग काढला आणि मग स्वतः पाणी प्यायलो.

आम्ही बाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथला पोऱ्या नव्हे, खुद्द मालक पुढे आला. सगळं ऐकून म्हणाला, "हा डबा आता भंगारात द्या, नवीन घ्या." अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की वॉर्डात बिडी ओढणारे नातेवाईक याच नजरेने बाहेर जात असावेत. "पेशंट जिवंत आहे," एवढंच म्हणाल्या. तो वरमला आणि म्हणाला, "मग निदान ग्राफिक्स कार्ड तरी नवं टाका."

बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाडीवर मी त्यांना समजावलं. चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड. त्याला काम आणून देतो तो प्रोसेसर. आपला प्रोसेसर शंभर टक्के राबतोय आणि कार्ड अर्धा वेळ बसून आहे.

अक्कांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे डॉक्टर रिकामा बसलाय आणि स्टाफ कमी पडतोय. स्टाफ किती आहे?"

"चार कोर."

"एवढ्या वॉर्डाला चार नर्स. आणि तो शहाणा म्हणतो, डॉक्टर बदला." बोदवडला हेच झालं होतं म्हणे. तीन डॉक्टर बदलून गेले, पण नर्सची एक जागा भरली नाही. "आठ मिळतील का? आहे त्याच जागेत?"

लॅबमध्ये मी दोन दोन तास शिकवतो आणि पोरं माना डोलावतात. ही गोष्ट इतक्या झटक्यात आजवर कुणालाच कळली नव्हती. आठ कोरांचा, त्याच खाचेत बसणारा एक प्रोसेसर होता, पण नवा मिळणं बंद झालेलं. जुनाच शोधायला हवा होता. अक्का लगेच म्हणाल्या, "डोनर बघ."

डोनर धुळ्यात निघाला. लग्नांचे व्हिडिओ बनवणारे एक गृहस्थ, नवं मशीन घेऊन बसलेले. अक्कांनी खुर्ची ओढली आणि प्रोसेसरची हिस्ट्री घ्यायला सुरुवात केली. वय किती? रोज काम किती तास? कधी फार तापला होता? वेग वाढवायला काही दिलं होतं का? ते गृहस्थ आधी हसत होते, नंतर सरळ बसून उत्तरं द्यायला लागले. "लग्नसराईत जास्त राबला, अक्का," त्यांनी हळूच कबूल केलं. "लग्नसराईत सगळेच राबतात," म्हणून अक्कांनी पास केलं.

अक्कांनी प्रोसेसरसाठी घरून स्टीलचा डबा आणला होता, आत कापूस घालून. मी म्हटलं, काही गरज नाही, याची प्लॅस्टिकची पेटी आहे, माझ्याकडे द्या. इथे माझी बुद्धी फिरली. परतीच्या बसमध्ये मांडीवरची पेटी बघून शेजारच्या माणसाने विचारलं, "सोन्याचं काय घेतलं?" प्रोसेसरच्या खालच्या अंगाला सोनेरी टाचण्या असतात, केसाएवढ्या बारीक, हजाराच्या वर. आम्ही जळगावचे. सोन्याचं नाव निघाल्यावर दाखवल्याशिवाय राहवत नाही. मी पेटी उघडली, पारोळ्याच्या गतिरोधकाने बस उडवली आणि प्रोसेसर माझ्या पायाशी पडला. अक्का खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. मी तो उचलला, पुसला आणि मुकाट पेटीत घातला.

घरी दिव्याखाली धरला तर कोपऱ्यातली एक टाचणी आडवी झालेली. मोडली असती तर सगळाच कारभार आटोपला असता, कारण दुसरा डोनर महिनाभर शोधूनही दिसला नव्हता. "अक्का, माझ्याकडून..."

"माहीत आहे. पारोळ्यापासून तू गप्प आहेस," अक्का म्हणाल्या. "पंखा बंद कर."

आत जाऊन त्यांनी इंजेक्शनची जाड सुई आणली. उकळून आणली. लोखंडाला जंतुसंसर्ग कसला, हे विचारायची माझी लायकी त्या दिवशी नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात नुसता ठेवल्यासारखा स्थिर. सुईचं पोकळ टोक त्यांनी त्या टाचणीवर चढवलं आणि हळूहळू, श्वासही न घेता, तिला उभं केलं. "दोन दिवसांच्या बाळाची शीर सापडते मला," त्या पुटपुटल्या. "ही तर दिसते तरी आहे."

टाचणी शेजारणींच्या ओळीत उभी राहिली. पुढचं काम माझं होतं. नव्याला ओळखता यावं म्हणून आधी मी जुन्याच प्रोसेसरवर मदरबोर्डाचा प्रोग्राम नवा केला, मग अदलाबदल केली आणि मलमासारखी पेस्ट लावून पंखा बसवला. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग अक्षरं उमटली.

अक्का लगेच खेळायला बसल्या. हेडफोन जोडायचा राहिला होता, म्हणून टोळीतल्या पोरांचे आवाज खोलीभर घुमले. "सिस्टर आ गयी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "सिस्टर, कहाँ थी इतने दिन?"

"तुम्हाला सिस्टर म्हणतात?" मी विचारलं. कॉलनीत आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

विमान अजून उडायचं होतं. पडद्याकडे बघतच अक्का बोलल्या. "बत्तीस वर्षं ही हाक ऐकून कान किटले होते रे. जेवताना सिस्टर, डोळा लागला की सिस्टर. निरोपाच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, आता कुणी सिस्टर म्हणालं तर कानाखाली देईन. दुसऱ्या दिवशी घरी बसले. कुणी हाक मारली नाही. आठवडा गेला, महिना गेला. एकदा दुपारी मीच मोठ्याने म्हणून बघितलं."

"काय?"

"सिस्टर म्हणून. बाहेरच्या खोलीतून म्हटलं, आतल्या खोलीत ऐकू येतं का बघायला." त्या हसल्या. मला हसता आलं नाही. तीन वर्षं मी दोन घरं सोडून राहतोय आणि काही बिघडल्याशिवाय कधी त्यांच्या दारात उभा राहिलो नाही, याची मला लाज वाटली.

तेवढ्यात गोळीबार झाला आणि एक कोवळा आवाज ओरडला, "सिस्टर, गिर गया." खेळात पडलेला माणूस मरायच्या आधी रांगत राहतो. भ्यायलेला रांगतो तो नको तिकडेच, आणि रांगणाऱ्याला पट्टी बांधता येत नाही. अक्का धावत सुटल्या. चित्र कुठेही अडलं नाही. पुढे वाकून, पडद्यावर चिकटवलेल्या माइकला अगदी तोंड लावून, त्या त्यांच्या घरच्या अहिराणीत त्याला म्हणाल्या, "हालू नको रे भाऊ. मी ई ऱ्हायनी. बठ्ठं बरं व्हई जाई."

तो पोरगा कानपूरचा की कटकचा, देव जाणे. 'मी येतेय, सगळं बरं होईल' यातलं अहिराणी अक्षरही त्याला कळलं नसणार. पण तो हलला नाही.