एक्केचाळीस रकान्यांची लाल गाडी

जुनी वस्तू घेताना शहाणा माणूस वस्तू बघत नाही, ती आपल्याआधी कुणी कुणी बघितली आहे ते बघतो. यात चूक काही नाही. सगळ्यांनीच वस्तू बघायची म्हटली तर कागद कुणी बघायचे?

लिफ्टच्या तपासनिसांना हे चौतीस वर्षांच्या नोकरीत पुरतं पटलं होतं. त्यांनी तपासलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही. (नऊ अडकल्या. पण अडकणं म्हणजे पडणं नव्हे, असा लेखी खुलासा त्यांनी नऊही वेळा दिला होता.) जन्मभर वर-खाली करून ते निवृत्त झाले, तेव्हा आता जरा पुढेही जावं असं त्यांच्या मनाने घेतलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक लाल स्पोर्ट्स गाडी विकाऊ उभी होती. तीच त्यांच्या डोळ्यांत भरली.

गाडी अठरा वर्षांची. दारं दोनच, छप्पर मागे उतरतं, बूड जमिनीला टेकायच्या बेतात. मागे आणखी दोघांची सोय होती, फक्त त्या दोघांना पाय असून चालणार नव्हतं. पुढून तिचं नाक किंचित वर उचललेलं दिसे. जातिवंत गाडीला तेवढा तोरा असायचाच.

खरी निकड मात्र तपासनिसांच्या बायकोची होती. परगावच्या बहिणीकडे ती तीस वर्षं एकटी बसने जात आली होती, कारण नवऱ्याच्या कसोटीला आजवर एकही वाहन उतरलं नव्हतं. येत्या रविवारी बहिणीचा साठावा वाढदिवस होता. तिने फोनवर सांगूनच टाकलं, "यंदा आम्ही दोघं येतोय. लाल गाडीतून." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? माझं नाक कापू नका."

तपासनीस कामाला लागले. कचेरीतला लिफ्ट-तपासणीचा छापील नमुना त्यांच्या घरी होताच. 'लिफ्ट' खोडून त्यांनी 'गाडी' लिहिलं. नमुना फार विचारपूर्वक केलेला होता. त्यात फक्त दोष विचारलेले असत. गुण लिहीत बसलं तर तपासणी संपायची कधी? दोष नसेल तिथे 'नाही' लिहायचं, आणि प्रत्येक 'नाही'ला पूर्ण गुण. नियम एकच, पण कडक: कागद पुरा झाल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही. त्यामुळे 'चालवून पाहणे' हा रकाना एक्केचाळिसावा, म्हणजे शेवटचा होता.

गाडीने पहिल्याच दिवशी मान मिळवला. विचित्र आवाज: नाही. धूर: नाही. तेलगळती: नाही. कंपन: नाही. तापणे: नाही (चार वेळा हात लावून पाहिले, भर दुपारीही गार). पुढचे झाकण: घट्ट बसते, उघडण्याचे कारण दिसत नाही. डाव्या दाराची मूठ हातात आली, तेवढा अर्धा गुण गेला.

डॉक्टर सज्जन माणूस. विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचे आणि न विचारलेलं बोलून कुणाचा वेळ घ्यायचे नाहीत.

"रस्त्यात कधी दगा दिला?"

"गेल्या सहा वर्षांत एकदाही नाही."

"पेट्रोल किती खाते?"

"नाव नको! थेंब नाही."

इतकं होऊनही तपासनीस एकट्याच्या मतावर विसंबणारे नव्हते. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने टायरला चपलेनेच एक लाथ घातली आणि "हं" म्हणाला. (नोंद: अनुकूल.) "तुम्ही स्वतः बघताय म्हटल्यावर मी काय वेगळं बघणार, साहेब? आणि बाकीचं माझ्या दुकानात आहेच की." (नोंद: सुटे भाग उपलब्ध.) विमेवाल्याने मेकॅनिकचं "हं" वाचलं आणि सही केली. मेहुण्याने विमेवाल्याची सही पाहिली. "दाजी, ही माणसं स्वतःच्या बापाला सही देत नाहीत. घ्या डोळे मिटून!" एवढं म्हणून त्यानेही डोळे मिटूनच सही केली.

नऊ खेपा झाल्यावर खुद्द डॉक्टरांचं मन डळमळलं. एवढा काटेकोर माणूस नऊ-नऊदा येतो, म्हणजे गाडीत काहीतरी असणारच. ते रोज सकाळी ती पुसू लागले. "विकावी की ठेवावी, काही सुचत नाही हो," असं पेशंटच्या उघड्या तोंडात बघत म्हणू लागले. शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा तपासनिसांवर आणि तपासनिसांचा सगळ्यांवर विश्वास बसला होता. कचेरीत याला एकमत म्हणतात. ते झालं की पुढे कुणालाच जबाबदार धरता येत नाही.

शनिवारी बायकोला बसवून पाहिलं. ती दोन हप्त्यांत आत उतरली.

"बसले. आता बाहेर काढायला माणसं बोलवा."

(आसनाची पकड: उत्तम.)

"अहो, किल्ली फिरवून बघू का जरा?"

"सदतिसावा रकाना चालू आहे."

"मग?"

"मग काय? किल्ली एक्केचाळिसाव्यात."

"लग्नाच्या वेळी होता का हो हा नमुना तुमच्याकडे?"

"तेव्हा नव्हतो नोकरीला," तपासनीस म्हणाले आणि अडतिसाव्याकडे वळले.

रविवारी सकाळी नवी साडी नेसून, भेटवस्तू मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. डॉक्टर, मेकॅनिक, विमेवाला, मेहुणा, सगळे निरोपाला आले. एक्केचाळिसावा रकाना भरला की पैसे मोजायचे, असं ठरलं होतं. तपासनिसांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा काही झालं नाही, पण आता ते सर्वांनी ऐकलं.

शेवटी पुढचं झाकण उघडलं. आत इंजिनाच्या जागी प्लास्टरचे दात होते. कवळ्यांचे जुने साचे, ओळीने रचलेले, सगळे हसणारे.

"जागा रिकामी होती," डॉक्टर म्हणाले. "इंजिन सहा वर्षांपासून दुरुस्तीला आहे ना."

"सांगितलं होतं मी, माझ्या दुकानात आहे म्हणून," मेकॅनिक म्हणाला.

कुणीच खोटं बोललं नव्हतं. तपासनिसांनी नमुना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं आणि ती खोली दुसऱ्या शाखेकडे असते. त्यामुळे यंत्र आहे की नाही, असा रकानाच त्यात नव्हता.

"तांत्रिकदृष्ट्या माझी चूक..." त्यांनी सुरुवात केली.

"मला आधी वर ओढा," बायको म्हणाली. उभी राहून तिने आत डोकावलं. "मेलीला दात एवढे, आणि पोटच नाही!" एवढं म्हणून ती बसथांब्याकडे चालू लागली.

तपासनीस मागोमाग पळाले. बस उभीच होती.

"किती जुनी आहे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"माझ्या लग्नाआधीची."

"धूर?"

"मागे उभे राहा, कळेल."

"कंपन?"

"आजोबा, दांडा धरा म्हणजे झालं."

एकाही रकान्यात बस उत्तीर्ण होत नव्हती. खिडकीतून बायकोने मान बाहेर काढली. "चढताय, की मी एकटीच जाऊ, नेहमीसारखी?"

तपासनीस चढले. चौतीस वर्षांत प्रथमच, कुठेही सही न करता.

बस वेळेवर पोचली. बहीण फाटकात उभी राहून रस्ता न्याहाळत होती. "अगं, लाल गाडी कुठाय?"

"गाडीचं काय घेऊन बसलीस? हे आलेत, ते बघ," बायको म्हणाली. नाक वाचलं.

भरलेल्या नमुन्याची फाईल मात्र गडबडीत गाडीच्या टपावर राहिली. डॉक्टर आता गाडी तिच्यासकट विकतात. आजवर अकरा जण येऊन गेले. फाईल सगळ्यांनी वाचली, झाकण कुणीही उघडलं नाही, आणि जाताना प्रत्येकाने 'पाहिली' म्हणून सही केली. त्या अडाण्यांना हसायला तुम्ही मोकळे आहात. तुम्हाला तर इंजिन नाही हे पक्कं ठाऊक आहे. आणि तरीही, खरं सांगा, लाल रंग, दोन दारं, उतरतं छप्पर ऐकल्यापासून 'कितीला देतील?' हा प्रश्न तुमच्या जिभेवर आहेच ना? डॉक्टर दहा ते एक भेटतात. बारावी सही कुठे करायची, ते त्यांनी पेन्सिलीने फुली मारून ठेवलं आहे.