परेरा मॅडमच्या टोपल्यांतलं गवत

चैत्राचं ऊन तापलेलं, ओहोळ आटलेले, माळावर औषधालासुद्धा हिरवी काडी उरलेली नाही, अशा दिवसांत कमळाकर घराच्या अंगणात गवत लावायला बसला. ते बघून त्याच्या आईने, सकुबाईने, कपाळावर हात मारून घेतला.

"पावसात बांधावर गवत मावत नाय, तवा कापायला बोलावलं तर तुझी कंबर दुखते. आन आता टोपलीत लावतोस? डोकं ठिकाणावर हाय ना रे?"

"आये, ऑफिसचं काम हाय."

"हापिसात गुरं पाळल्यात का काय?"

कमळाकरची बायको निशिगंधा तांदूळ निवडत होती. तिने सूप तोंडापुढे धरलं, पण हसू काही सुपामागे लपलं नाही.

खरं तर ही सगळी करणी कमळाकरच्या जिभेची होती. ठाण्यातल्या एका औषध कंपनीत तो कारकून. किन्हवली रस्त्यावरच्या आपल्या गावातून तो रोज पहाटे जीपने आसनगाव गाठायचा आणि तिथून गाडीने ठाणं. धावपळीची का होईना, नोकरी घरी राहून करता येत होती. आणि नेमकी तीच आता हातची जायची वेळ आली होती. नागपूरच्या गोदामात एक माणूस पाठवायचा होता, आणि कोणाला पाठवायचं ते त्याच्या साहेबीण परेरा मॅडम ठरवणार होत्या. नागपूरचं नाव निघालं की कमळाकर विषय बदलायचा. तिकडे ना भाकरीबरोबर सुकट, ना संध्याकाळी पारावर गप्पा, ना आईच्या शिव्या.

अशात एक दिवस मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. ईस्टरला त्यांच्या चर्चमध्ये लहान मुलांना रंगवलेल्या अंड्यांच्या टोपल्या वाटत. अंड्यांखाली दरवर्षी प्लास्टिकचं हिरवं गवत घालत. यंदा फादर म्हणाले होते, प्लास्टिक नको, खरं गवत घाला.

"कमळाकर, तू गावचा ना? खरं गवत मिळेल का रे?"

"मॅडम, गवत?" कमळाकर छाती फुगवून म्हणाला. "आमच्याकडे गवताला विचारतंय कोण! तुम्ही फक्त टोपल्या द्या."

मॅडमनी डझनभर वेताच्या टोपल्या दिल्या, दांड्याच्या, लाल फीत बांधलेल्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आपण स्वतः गाडी घेऊन न्यायला येऊ असंही सांगितलं. कमळाकर खूश होऊन निघाला. टिटवाळा सुटल्यावर त्याने खिडकीबाहेर पाहिलं, तर दोन्ही बाजूंना पिवळाठक्क माळ. हा चैत्र आहे, श्रावण नाही, हे त्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

म्हणून मग हा घरचा उद्योग. टोपल्यांत केळीचं पान अंथरून त्याने माती भरली, गहू रात्रभर भिजवून दाट पेरले, वर पाणी शिंपडलं आणि टोपल्या अंगणात ओळीने मांडल्या. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून परतला तेव्हा कोंबड्यांनी दाणा न् दाणा वेचून टोपल्या साफ केल्या होत्या. पुन्हा पेरणी केली. या खेपेला शेजारच्या शेळीने मातीसकट केळीचं पान ओढून नेलं. तिसऱ्या खेपेला त्याने टोपल्या उचलल्या आणि घरातल्या सगळ्यांत आतल्या, अंधाऱ्या खोलीत देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवल्या. तिथे कोंबडी जात नव्हती आणि शेळीही जात नव्हती.

शेजारची बारकी मात्र जात होती.

बारकी विरजण मागायला आली ती थेट आतच. देव्हाऱ्यापुढे फितीच्या डझनभर टोपल्या, त्यांत काळी माती आणि मातीतून बोटभर वर आलेले गव्हाचे कोंब. ती उंबऱ्यातच खिळली.

"सकुबाय गो! घट बसवलंस? चैतात?"

आता सकुबाईची पंचाईत झाली. आपला शिकलेला, प्यांटबुशकोट घालणारा मुलगा साहेबिणीसाठी घरात गवत वाढवतोय आणि त्यापायी घरातले गहू मातीत घालतोय, हे बारकीला सांगायचं? बारकीला सांगितलं म्हणजे मुरबाडच्या बाजारापर्यंत पोचलं. सकुबाईने एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "हां, बसवलं. देवी सपनात आली माझ्या."

"काय बोलली?"

"बोलली, घट बसव."

"आन टोपलीला लाल फीत?"

"तीपन तिनंच सांगितली."

बारकी विरजण विसरली आणि पळत सुटली.

कमळाकरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो उजाडायच्या आत जायचा आणि जेवणवेळेला परतायचा. दोन दिवसांनी घरी आला तर दारात चपलांचा ढीग. त्याला वाटलं, आईला काही झालं की काय. धावत आत गेला तर खोलीत उदबत्तीचा धूर, पंधरा-वीस बाया, आणि त्याच्या गवतावर हळद, कुंकू, तांदूळ. एका टोपलीत तर नारळ बसवलेला, आणि नारळाखाली गवत चेचलेलं.

"हे काय?" तो ओरडला.

"हळू बोल," सकुबाई दातओठ खात कुजबुजली. "घट हायेत."

"घट? अगं, ते मॅडमचं..."

"तोंड उघडशील तर बघ! गावात नाक कापशील माझं. आता देवीच हाय ती."

बिचारा गप्प बसला. दुसरं करतो काय? त्यातच कोंडूकाकाची म्हैस चार दिवस हरवली होती. कोंडूकाका गावातला मानाचा म्हातारा. त्याने टोपल्यांपुढे नारळ फोडला, आणि संध्याकाळी म्हैस किन्हवलीच्या बाजूने आपल्या पायांनी चालत घरी आली. झालं! देवी जागृत ठरली. मुरबाडकडून जीप भरून माणसं येऊ लागली. कोणाला मूल हवं होतं, कोणाच्या बोअरला पाणी लागत नव्हतं. घरातला चहा-साखरेचा डबा रिकामा होऊ लागला तशी निशिगंधा म्हणाली, "अहो, तुमच्या मॅडमला अजून काही पेरायचं असंल तर आधी सांगा. मी माहेरी जाते."

कमळाकरला वेगळीच धास्ती. अंधारात वाढलेले कोंब लांब झाले होते, पण फिके, पिवळे. चर्चला हवं होतं हिरवं. रविवारी दुपारी बायका नाहीत असं बघून त्याने एक टोपली उचलली आणि ऊन दाखवायला अंगणात आणली. तेवढ्यात समोरून कोंडूकाका.

"ए कमळ्या! बसलेला घट हलवतोस? सत्यानाश करायचाय गावाचा? म्हैस परत जाईल माझी!"

कमळाकर टोपली जागेवर ठेवून आला. कोंडूकाकाने तेवढ्यावर न थांबता खोलीच्या दाराशी आपला नातूही राखणीला बसवला. आता धन्यालाच स्वतःचं गवत चोरून बघायची वेळ आली.

त्या वर्षी चैत्री पुनव शनिवारी आली आणि ईस्टर लगेच दुसऱ्या दिवशी. पुनवेला गावदेवीची जत्रा. घट संध्याकाळी, दिवेलागणीला उठवायचे असं कोंडूकाकाने जाहीर केलं होतं. कमळाकरने मनाशी हिशेब मांडला: मॅडम सकाळी येणार, टोपल्या गाडीत घालायच्या, आणि गावाला सांगायचं की देवी ठाण्याला गेली. पुढचं पुढे. शनिवारी सकाळी तो हायवेच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला. मॅडम आल्या. बरोबर त्यांच्या मोठ्या जाऊबाई रोझी, आणि मांडीवर रंगवलेल्या अंड्यांचा खोका. अंडी गवतात ठेवून कशी दिसतात ते त्यांना तिथल्या तिथेच बघायचं होतं.

"गवत छान झालंय ना, कमळाकर? माझं नाव आहे हां चर्चमध्ये," मॅडम म्हणाल्या.

"एकदम फर्स्ट क्लास, मॅडम."

गाडी गावात शिरली आणि कमळाकरचे डोळे पांढरे झाले. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या टोपीत पिवळट गवताचा तुरा. विहिरीवरच्या बायकांच्या अंबाड्यात गवताचा तुरा. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या कानांवर, सायकलच्या हँडलला, कोंडूकाकाच्या म्हशीच्या शिंगाला, सगळीकडे त्याचं गवत! दसऱ्याला घट उठले की कोंब टोपीत खोवायचे, ही गावाची जुनी रीत. उन्हं तापायच्या आत उरकून घ्यावं असं म्हणून कोंडूकाकाने घट सकाळीच उठवले होते.

तो घरात धावला. बाराच्या बारा टोपल्या रिकाम्या. एकीतही काडी शिल्लक नव्हती. कमळाकरने टोपल्या उलट्या करून पाहिल्या. डोळ्यांपुढे नागपूरचं गोदाम उभं राहिलं आणि त्याला रडू आवरेना. त्याने सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि अंगणात येऊन, गाडीमागे जमलेल्या साऱ्या गावादेखत ओरडला, "ते घट नव्हते! मी लावलेलं गवत होतं ते! या मॅडमच्या अंड्यांखाली घालायला लावलं होतं!"

सकुबाईने डोळे मिटून घेतले. सगळ्यांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या लाल, पिवळ्या, निळ्या अंड्यांच्या खोक्याकडे. कोंडूकाकाने टोपी सारखी केली.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "ही बाई नवसाची अंडी घेऊन येनार, ते देवीला आधीच ठावं होतं. म्हनून तिनं याच्या हातानं गहू रुजवून घेतला. आन याला मातुर वाटतंय, आपनच लावलं!"

"खरंच गो बाय!" बारकीने हात जोडले. "ठान्याहून आली, मोटारीनं! आमची देवी कुठंकुठं पोचली!"

गावदेवीला अंडी आणि कोंबडं हा नवस गावाला नवा नव्हता. कोणी विचारायच्या आत बायकांनी खोका मॅडमच्या हातातून अलगद घेतला, अंडी देव्हाऱ्यापुढे मांडली आणि एकेकाला हळदीकुंकू लावलं. परेरा मॅडमनी दारातून आत डोकावून पाहिलं.

"कमळाकर, माझ्या ईस्टर एग्जना या कुंकू का लावतायत?"

कमळाकरने आईकडे पाहिलं.

"आता बाईची ओटी भरा गो," सकुबाई अचानक पुढे झाली. आठ-दहा दिवस खोटं बोलून तिला आता चांगलाच सराव झाला होता. "नवस फेडायला आलेली बाई रिकाम्या हातानं जाते का? आन ओटी परसादाचीच भरा."

मग जो तो आपापल्या टोपीतला, अंबाड्यातला, कानावरचा तुरा काढून मॅडमच्या ओंजळीत घालू लागला. ओंजळ भरली तशी पोरांनी टोपल्या आणल्या, माती झटकली. एकेक टोपली भरत गेली. म्हशीच्या शिंगावरचा तुरासुद्धा कोंडूकाकाने आपल्या हाताने आणून घातला. रोझीबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी बारकीकडून तिचा फोन नंबर लिहून घेतला. मॅडम आधी गोंधळल्या, मग त्यांनी कुंकू लागलेलं एक अंडं आणून त्या मोकळ्या, पिवळट गवतात ठेवून पाहिलं, फिक्या रंगावर ते उठून दिसलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, मला असंच कापलेलं, मोकळं हवं होतं! मी तर कात्री घेऊन आले होते. आणि एवढी सगळी माणसं कामाला लावलीस तू?"

गाडी टोपल्या आणि प्रसाद झालेली अंडी घेऊन गेली. कमळाकरला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी कोंडूकाका चार जाणती माणसं घेऊन ओट्यावर आला. देवीने कमळाकरच्या हाताने गहू रुजवला, तेव्हा चैत्रातल्या घटाचा मान आता कायमचा त्याचा, असा गावाने निर्णय घेतला होता. मान म्हणजे काय, तेही लगेच कळलं. दरवर्षी घट बसल्यापासून पुनवेपर्यंत अनवाणी राहायचं, दाढी करायची नाही, सुकट-बोंबलाला शिवायचं नाही, घटापाशी चटईवर निजायचं. आणि मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत जो कोणी प्रश्न घेऊन येईल त्याला उत्तर द्यायचं.

"मला कुठं येतंय उत्तर द्यायला?" कमळाकर रडकुंडीला आला.

"तू कुठं देनारेस? देवी देईल. तू निस्ता घुमायचं," कोंडूकाका म्हणाला. "या मंगळवारपासनं सुरू कर. बोअरवाला यायचाय."

सोमवारी ऑफिसात मॅडमनी त्याला हसत हसत बोलावलं. चर्चमध्ये टोपल्यांचं फार कौतुक झालं होतं. नागपूरला पाठवायला त्यांनी दुसऱ्याचं नाव कळवून टाकलं होतं. कमळाकर ठाण्यातच राहणार होता, अगदी निवृत्त होईपर्यंत.

कमळाकर हलला नाही.

"मॅडम, एक विनंती होती. मला नागपूरला पाठवता का?"

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काय? नागपूरला? कधी?"

"मंगळवारच्या आत जमलं तर बरं."

"छे, छे, वेडा की काय तू!" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला. "तू गेलास तर कसं होईल? आमच्या रोझीच्या मुलाचं लग्न जमत नाहीये. ती मंगळवारी तुझ्याकडे यायची आहे, प्रश्न घेऊन."