आत्याची इस्त्री आणि चौपट ताणलेली पट्टी

"प्रयोगशाळेत दहा जणांचे हात लागतात. घरच्या कपाटाला कोण हात लावतंय!" असं छातीठोकपणे सांगून डॉक्टरने शेवटची पट्टी घरी आणली होती. पीएच.डी. करून डॉक्टर तो अजून व्हायचाच होता. आत्या मात्र पाच वर्षांपासून त्याला त्याच नावाने हाक मारत होती.

पट्टी होती मातीत कुजून जाणाऱ्या प्लॅस्टिकची. ती चौपट ताणली की आतले विस्कटलेले रेणू रांगेत येतात, त्यांचे स्फटिक जमतात आणि पट्टी मजबूत होते, असा त्याचा दावा. अडचण एकच: जरा गरम लागलं की बाईसाहेब पुन्हा आखडून पहिल्यासारख्या! आज मार्गदर्शक सरांसमोर शेवटची चाचणी होती. आजही आखडली तर काम बंद आणि पदवीवर पाणी.

सकाळी कपाट उघडलं, तर पट्टी गायब!

"आत्या, इथली पट्टी कुठंय?"

"ती चुरगळलेली होय? इस्त्री करून ठेवलीय."

"इस्त्री? अगं, गरम लागलं की ती आखडते!"

"आखडायलाच लागली होती मेली! मी सोडते की काय? चारी बाजूंनी चिमटे लावून ताणून धरली, वर सुती फडकं घातलं आणि फिरवली इस्त्री. आता बघ कशी सरळ झालीय!"

दुसरी पट्टी नव्हतीच. रडकुंडीला येऊन तो तीच घेऊन गेला. सरांनी ती गरम पाण्यात सोडली. डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

"अरे, ही जागची हलत नाहीये!" सर ओरडले. एक्स-रे यंत्राखाली धरली, तर स्फटिकांचे ठिपके लख्ख! "ताणून धरून तापवलीस वाटतं, म्हणूनच स्फटिक पक्के बसले! कसं सुचलं तुला?"

डॉक्टरचा जीव असा भांड्यात पडला, की त्या भरात तो चक्क खरं बोलून गेला.

सर हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि आत्यालाच फोन लावायला सांगितला. "इस्त्री किती तापवली होती?"

"ओलं बोट लावलं की चर्र झालं पाहिजे," आत्या म्हणाली, "पण वास सुटता कामा नये."

सरांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग म्हणाले, "उद्या येता का? अशा दहा पट्ट्या करायच्यात."

"येते की! इस्त्री माझी आणते."

"आणि सर, माझी पदवी?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"मिळेल," सर म्हणाले. "तू फक्त चिमटे नीट धर."