राधिकेसाठी विमान कंपनी पाहणे

मुलगी द्यायची तर आधी घर पाहून यावं, हा नियम कोणत्याही कायद्यापेक्षा जुना आहे, आणि तो कायद्यापेक्षा जास्त पाळलाही जातो. नियमात 'लग्नासाठी' असा शब्द कुठंच नाही. त्यामुळे कामरगावात भाजीपाला पिकवणाऱ्या शालिकरामांची राधिका वैमानिक होऊन आली आणि एकाच आठवड्यात दोन विमान कंपन्यांनी तिला मागणी घातली, तेव्हा दोन्ही घरं पाहायला रीतसर समिती नेमण्यात आली. मी समितीचा चिटणीस. (मानधन: चहा. साखर माझी.)

स्थळ पहिलं, स्वस्त तिकिटाची कंपनी. विमानं भरपूर, फेऱ्या त्याहून भरपूर, प्रवाशाला पाणीसुद्धा विकत. लगेच कामावर या, होकार सोमवारपर्यंत कळवा.

स्थळ दुसरं, जुनं खानदान. प्रवाशाला जेवण, गरम रुमाल, 'नमस्कार'. रुजू व्हायची तारीख 'यथावकाश कळवण्यात येईल'.

आता वैमानिकाचं असं असतं, की काही महिने विमान उडवलं नाही तर परवान्याची पुन्हा परीक्षा, पुन्हा सराव. शालिकरामांना ही अडचण चटकन समजली. ते म्हणाले, "सांबार हाय तो. दुपारलोक विकला त विकला." (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ज्यांना दुसरंच काही वाटलं त्यांनी जेवून घ्यावं.)

समितीचे अध्यक्ष लखीराम, निवृत्त एसटी ड्रायव्हर. सेवा एकतीस वर्षं, अपघात शून्य, म्हैस एक. म्हशीची चूक होती असं चौकशीत सिद्ध झालं आहे. सदस्य सोजरबाई, राधिकेची आत्या. जुळवलेल्या सोयरिकी सतरा, त्यातल्या पंधरा चालू स्थितीत. राधिकेला समितीत घेतलं नाही. मुलीनं आपलंच घर पाहायला जाणं बरं दिसत नाही.

समितीनं नागपूर विमानतळाच्या दारात सात तास उभं राहून पाहणी केली. चोवीस वैमानिक बाहेर पडले. त्यांतले बावीस सोजरबाईंना पाहून वेगानं चालू लागले. दोघं सापडले.

पहिला स्वस्त कंपनीचा. वय एकतीस आणि आताच कॅप्टन. सोजरबाईंनी विचारलं, "घरी कदी जाता बाबू?" त्यानं घड्याळ पाहिलं, मग मोबाइल पाहिला, मग म्हणाला, "आज वार कोणता आहे?"

दुसरा जुन्या घराण्याचा. वय त्रेचाळीस, कपड्यांना इस्त्री, चेहऱ्यावर पुरती झोप. पण अजून कॅप्टनच्या बाजूच्याच खुर्चीवर. पुढं सिनिऑरिटीची यादी आहे, त्यातलं कोणी निवृत्त होईल तेव्हा नंबर लागेल, असं त्यानं शांतपणे सांगितलं. "सगळ्यांची तब्येत उत्तम आहे," हेही सांगितलं, जरा कमी शांतपणे. लखीरामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. यादी म्हणजे काय, हे एसटीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

परतल्यावर मी अहवाल लिहिला. निष्कर्ष: एका घरी स्टिअरिंग आहे, झोप नाही. दुसऱ्या घरी झोप आहे, स्टिअरिंग नाही. शिफारस: तिसरं घर पाहावं. (तिसरं घर उपलब्ध नाही.)

रविवारी बैठक बसली. सोजरबाईंचं मत जुन्या घराण्याला. "पोराची मान ताठ होती. त्या सस्त्या कंपनीवाल्याची त बोलता बोलता लुडकून राह्यली होती." शालिकरामांचं मत सांबाराला, म्हणजे सोमवारच्या कंपनीला. तेवढ्यात राधिका चहा घेऊन आली. मुलगी चहा आणते तेव्हा तिला प्रश्न विचारायचे असतात. हिनंच विचारला.

"काकाजी, झोप येऊन राह्यली म्हून तुमी कदी गाडी न्यायची नाई म्हटलं का?"

लखीरामांनी कप खाली ठेवला. "एकडाव. डबल ड्युटी होती. म्हटलं, डोये मिटून राह्यले, मी नेत नाई."

"मंग साहेब काय म्हणले?"

"साह्यबाचं सोड. मेमो भेटला, घेतला. मले दुखलं ते पॅसेंजराचं. बावन्न होते. ज्यायच्यासाठी थांबलो, त्यायनंच माय काढली." एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या मनाला लागलेली ही एकच गोष्ट असावी, आणि ती अहवालात कोणत्या रकान्यात घालावी हे मला कळलं नाही.

"पन तुमी नेली नाई."

"नाई नेली."

"मंग झालं," राधिका म्हणाली. "मले विमान उडवायचं हाय, यादीत उभं नाई राह्याचं. सोमवारी हो म्हनतो मी. अन् डोये मिटले त मीबी नाई म्हनीन." समिती तिथंच बरखास्त झाली. सोजरबाई दोन दिवस रुसून होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी पोरीसाठी तिळाची चटणी कुटली.

पुढच्या वर्षी एका दुपारी, पहाटेपासूनच्या चौथ्या फेरीआधी, राधिकेनं कंपनीला कळवलं की मी थकले आहे, हे विमान मी नेणार नाही. नियमात तसं म्हणता येतं. (म्हणणारे कमी.) दुसरा वैमानिक येईपर्यंत साडेचार तास गेले. ती बॅग घेऊन गेटवरून निघाली, तेव्हा प्रवासी एकशे ऐंशी होते आणि मोबाइल दोनशे चार. एकजण ओरडला, "झोपायचंच होतं तर घरी बसायचं!" त्या व्हिडिओला चाळीस हजार अंगठे पडले. राधिकेनं तो एकदा पाहिला आणि लखीरामांना फोन लावला. तिच्या रडण्याचा आवाज फोनबाहेर आम्हाला ऐकू येत होता.

त्या दिवशीच्या प्रवाशांपैकी सुखरूप पोचले एकशे ऐंशी. त्यांत, वाचकहो, आपणही होतात. घरी पोचल्यावर हातपाय धुण्याआधी आपण कंपनीला पाचपैकी एक तारा दिलात, 'पायलट आळशी' असं खाली लिहिलंत, आणि परतीचं तिकीट त्याच कंपनीचं काढलंत, कारण ते सहाशे रुपयांनी स्वस्त होतं. या वेळी पायलट कितीही झोपेत असला तरी नाही म्हणणार नाही, अशी आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करतो.