पाठमोरा पंखा

"रविवारी गाडी घेऊन येतो मामा, ऋतुजाला आन बाळीला घेऊन जातो," जावई मल्हारनं पुण्याहून फोनवर सांगितलं, आणि बिरप्पाच्या तोंडाशी आलेला चहा तिथंच थांबला.

"अवो पावनं, अजून सव्वा म्हयना कुटं झालाय?"

"सव्वा महिन्याचं खरंय, पण बाळीला घामोळं उठलंय म्हणं. हितं एसी हाय. तितं पत्र्याखाली लेकरू शिजायला ठेवायचं का?"

मल्हारचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सोलापूरचा मे महिना, पूर्व भागातली अरुंद गल्ली, आणि वर पत्रा. छताला पंखा होता, पण तो पत्र्यात मुरलेली सगळी धग गोळा करून खाली माणसांच्या टाळूवर ओतायचा. बाळी दिवसभर किरकिर करायची, आणि नेमकी बिरप्पाच्या मांडीवर आली की गप्प व्हायची. त्या गप्प होण्यावर तो जीव ओवाळून टाकत होता.

त्याला कारणही तसंच होतं. ऋतुजा जन्मली तेव्हा बिरप्पा मेंढरं घेऊन पार कुठल्या कुठं गेलेला. लेकीचं तोंड पाहिलं ते ती पालथी पडायला लागल्यावर, आणि तेव्हा लेक बापाला बघून भोकाड पसरून रडली होती. आता मेंढरं विकून तो सुताच्या गोदामावर पहारेकरी झाला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हा सव्वा महिना त्याला देवानं उशिरा का होईना दिला होता, आणि जावई तो गाडीत घालून पुण्याला न्यायला निघाला होता.

"न्हाय म्हंजे न्हाय," घरी आल्यावर त्यानं बायकोला, केराबाईला सांगितलं. "उद्या नव्या पेठेत जातो आन पंखा आनतो. उभा. पायावरचा."

"पंखा?" केराबाईनं कपाळावर हात मारला. "बाळंतिणीला वारं लागू द्यायचं असतंय व्हय? कानाला फडकं बांधून ठिवलंय मी तिच्या, आन तुमी वारं इकत आनताय?"

"आय, मला चालतंय की," कोपऱ्यात गोधडी पांघरून घामानं निथळणारी ऋतुजा कळवळून म्हणाली.

"तुला काय कळतंय? गप पड."

पण बिरप्पा कुणाचं ऐकतोय! शनिवारी सकाळीच तो फेटा बांधून नव्या पेठेत बसवेशच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानात पंखे ओळीनं उभे होते, लहान, मोठे, पांढरे, निळे. बिरप्पानं जन्मभर मेंढे पारखले होते. पंखा त्याहून वेगळा कशाला असेल, असं त्याला वाटलं, आणि तिथंच गडबड झाली.

बसवेश तरुण होता, बोलायला गोड होता. त्यानं एक सडपातळ पांढरा पंखा पुढं केला. "हा घ्या मामा. घरात झोपलेल्या माणसाला आवाजसुद्धा येत नाही."

"आवाज न्हाय? मग आजारी असंल." बिरप्पानं पंख्याचा खांब दोन्ही मांड्यांत धरून हलवून बघितला. "पायात जीव न्हाय ह्याच्या. दुसरा दाव."

दुसऱ्याची जाळी त्यानं ओठ वर करून दात बघावेत तशी बोटानं चाचपली. तिसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. शेवटी बसवेशनं कंटाळून एक पंखा चालू केला आणि मागची खुंटी दाबली. पंख्यानं सावकाश डावीकडं मान वळवली, थांबला, आणि मग तितक्याच सावकाश उजवीकडं बघितलं.

बिरप्पा दोन पावलं मागं सरला. वाऱ्यासाठी त्यानं माळच्या माळ पालथे घातले होते. वारा पडला की मेंढरं तोंड वासून उभी राहायची, आणि तो आभाळाकडं बघत बसायचा. आणि इथं नव्या पेठेत वारा एका पायावर बांधून ठेवला होता, आणि तो वारा मान वळवून एकेकाची विचारपूस करत होता!

"आयला!" तो हळूच म्हणाला. "समद्यांकडं बगतोय की रं ह्यो!"

तेवढ्यात त्याची नजर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक काळाभोर धिप्पाड पंखा भिंतीकडं तोंड करून एकटाच उभा होता.

"त्यो कोन?"

"तो नको मामा. तो मंगल कार्यालयात जातो. हजार माणूस जेवायला बसतंय तिथला हाय तो."

"चालू कर."

बसवेशनं केला. आधी दोन क्षण नुसतीच घरघर झाली. मग दुकानातलं कॅलेंडर भिंतीवरून उठलं, गल्ल्यावरच्या पावत्या रस्त्यावर गेल्या, समोरच्या कापडवाल्यानं दारात टांगलेल्या साड्या आडव्या झाल्या, आणि बिरप्पाच्या फेट्याचा शेव ताठ मागं गेला. तो मात्र डोळे मिटून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यानं आलं की कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"ह्योच," तो म्हणाला. "कळपात जो माघारी उबा ऱ्हातो त्योच खरा टकरीचा असतोय."

"अवो मामा, घर केवढं तुमचं? आन घरात बाळंतीण हाय म्हणता!"

बिरप्पा पुढं झाला. खांद्यावरचा टॉवेल काढला, बसवेशच्या हातावर टाकला, आणि टॉवेलाखाली त्याची बोटं घट्ट धरली. मेंढरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही, असा टॉवेलाखाली बोटं दाबून होतो. बसवेशला बिचाऱ्याला ही भाषा कुठली यायला! म्हातारा आपली बोटं का पिरगाळतोय ते त्याला कळेना. दुखायला लागल्यावर तो "बरं बरं, घ्या!" म्हणून ओरडला, आणि सौदा झाला.

पंखा रिक्षात मावेना. त्याला आडवा घालून, डोकं बाहेर काढून आणला, तेव्हा अर्धी गल्ली दाराशी आली. शेजारची काशम्मा विड्या वळता वळता सूप घेऊनच उठली. "अय्यो अण्णा, हे पंखा हाय का इमान?"

केराबाई तोंड फुगवून बसली होती, पण नवी वस्तू घरात आली म्हटल्यावर तिला भंडारा लावल्याशिवाय कसं चालेल? तिनं ताट भरून भंडारा आणला. पंख्याच्या कपाळाला बोटं ओढली, मूठभर त्याच्यावर उधळला, आणि ताट तिथंच पुढ्यात ठेवून हात जोडले. बिरप्पानंही हात जोडले. मग त्याच जोडलेल्या हातांपैकी एकानं बटण दाबलं.

पुढं काय झालं ते कुणालाच दिसलं नाही, कारण सगळं पिवळं झालं होतं. केराबाई पिवळी, बिरप्पा पिवळा, दारातली काशम्मा पिवळी, तिच्या सुपातल्या तंबाखूचा पत्ताच नाही. फळीवरची कडक भाकरींची चवड उडाली आणि एकेक भाकरी भिंतीवर आपटून फुटली. ऋतुजानं बाळीला पोटाशी धरून गोधडी डोक्यावरून घेतली आणि आत खदखदून हसत सुटली.

"त्वांड फिरवा त्येचं!" केराबाई ओरडली. "माज्या लेकीला वारं लागलं! त्वांड फिरवा आधी!"

बटण कुठं आहे ते भंडाऱ्यात सापडेना. बिरप्पानं पंख्याला कमरेत धरून ओढला आणि दारात नेऊन गल्लीकडं तोंड करून उभा केला. पिवळा ढग सगळा गल्लीत गेला. शिंका थांबल्यावर गल्लीतल्या लोकांनी मात्र अंगावर वारा घेतला, एकमेकांकडं बघितलं, आणि घराघरांतून चटया बाहेर यायला लागल्या.

"आता आत आनू का?" बिरप्पानं दबकत विचारलं.

"सव्वा म्हयना त्यो असाच ऱ्हाईल. आन दार उघडं टाकून समद्या गल्लीला बाळंतीण दावताय व्हय? आडुसा करा."

बिरप्पानं मुकाट्यानं आपलं घोंगडं आणलं आणि पंख्याच्या वरून, दोन्ही अंगांनी, खालून चौकटीला पक्कं बांधून टाकलं. पंख्याचं तोंड तेवढं बाहेर राहिलं. घराला मागचं एक दार होतं. तिथं लिंबाखाली न्हाणीचा दगड होता, आणि चौकटीत बांधलेल्या दोरीवर केराबाईनं बाळीची धुतलेली दुपटी आणि लंगोट पिळून टाकले होते. बिरप्पा भिंतीला टेकून खाली बसला. जन्मात एक पंखा घेतला, आणि तोही गल्लीच्या कामाला आला. उद्या जावई येणार, आणि बाळी जाणार. त्याला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं बाळी रडायची थांबली. मग ऋतुजानं गोधडी पायावरून सारली नाही, उलट गळ्यापर्यंत ओढली.

"आबा," ती म्हणाली, "गार वाटतंय की हो."

केराबाईनं तळहात हवेत धरला. लेकीच्या तोंडाशी धरला, कानाशी धरला. "वारं तर न्हाय," ती पुटपुटली. "पन गार हाय. कसं काय गं बया?"

बिरप्पा उठून उभा राहिला. पत्र्याखालची धग कुठंतरी निघून गेली होती. तो पंख्याजवळ गेला. पंखा त्यांच्याकडं पाठ करून घरघरत होता. बिरप्पाच्या अंगावर काटा आला.

"केरा," तो कुजबुजला, "मर्यादा हाय गं त्येला. बाळंतिणीकडं त्वांड करत न्हाय. पाठ फिरवून गार करतोय!" आणि दोघांनी पुन्हा एकदा हात जोडले.

रविवारी मल्हारची गाडी गल्लीच्या तोंडालाच अडली, कारण गल्लीत चटया होत्या. तो घामाघूम होऊन चालत आला आणि पाहतो तर सासऱ्याच्या दारात राक्षसाएवढा पंखा, त्याच्यासमोर काशम्मा पानांवर दगड ठेवून निवांत विड्या वळतेय, आणि आतली माणसं घोंगड्याच्या पडद्याआड.

"मामा!" मागच्या दारानं, दुपटी बाजूला सारून तो आत आला तो ओरडतच. "माझी बायको आत उकडतीया, आन तुमी पंखा गल्लीला लावलाय?"

"पावनं, जरा बसा तर खरं."

"बसत नाही. ऋतुजा, सामान भर..." एवढं म्हणून मल्हार थांबला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सदऱ्याचं पहिलं बटण लावलं. "एसी बसवला काय मामा?"

"मर्यादा हाय त्येला," बिरप्पा गंभीरपणे म्हणाला.

मल्हारला हे पटेना. गल्लीत तोंड करून इतका गारवा, तर आत तोंड केल्यावर किती! केराबाई नको नको म्हणत असताना त्यानं घोंगडं सोडलं आणि पंखा आत वळवला. बाहेरची सगळी उन्हाची झळ भस्सकन आत आली, आणि बाळी टाहो फोडून रडली.

"बगा! राग आला त्येला," बिरप्पा म्हणाला. "माफी मागा, पावनं."

पुण्यात नोकरी करणाऱ्या मल्हारनं घाईघाईनं पंखा फिरवला, घोंगडं बांधलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून पंख्याला नमस्कारही केला. पुन्हा गार झालं. बाळी गप्प झाली. मल्हार भारावून मटकन खाली बसला, आणि केराबाईनं पुढ्यात ठेवलेली शेंगाचटणी-भाकरी खाऊन तिथंच आडवा झाला.

जाग आली ती उकाड्यानं. पंखा तर चालू होता. "मामा, आता कशाचा राग आला ह्याला?" त्यानं घाबरून विचारलं.

बिरप्पाही हवालदिल झाला होता. त्यानं पंख्याला भंडारा लावला, सांभाळून, मागच्या बाजूनं. काही उपयोग होईना. बाळीनं ओठ काढला. मल्हारनं पिशवीकडं बघितलं, आणि ते बघून बिरप्पाचा जीव तुटला. हातचं सगळं गेलं म्हणून तो खाली मान घालून बसला.

तेवढ्यात केराबाई न्हाणीवरून आली. दोरीवरची वाळून कडकडीत झालेली दुपटी तिनं मघाशीच काढून नेली होती. आता तिनं नवी ओली दुपटी पिळून दोरीवर टाकली, एक, आणि मग दुसरं. आणि घरात गारवा असा पावलापावलानं आला, की तिघंही त्याच्याकडं तोंड करून बघत राहिले.

मल्हार उठला. त्यानं एक दुपटं बाजूला केलं, गरम झळ लागली. सोडलं, गार लागलं. पुन्हा बाजूला केलं, पुन्हा सोडलं.

"मामा," तो म्हणाला, "पंखा आतलं गरम बाहेर ओढतोय. आन मागनं येणारी हवा ह्या दुपट्यांतनं येतीया. ओली हायत तोवर गार. वाळली की संपलं."

बिरप्पाला हे समजायला थोडा वेळ लागला. त्यानं पंख्याकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं, आणि मग मांडीवरच्या बाळीकडं पाहिलं. पंखा त्याचा, भंडारा केराबाईचा, पण एवढं मोठं घर, बाप, आई, आजा, आजी, सगळी थंड ठेवली होती ती ह्या वीतभर पोरीनं, दिवसातून कितीतरी वेळा दुपटी ओली करून. त्यानं तिच्या पायाला कपाळ लावलं.

त्या दिवशी गाडी रिकामीच राहिली. मल्हारनं आईला फोन केला. "सव्वा महिना राहू दे हितंच. एसीपेक्षा बरं हाय. नाही, कुठल्या कंपनीचं ते सांगता येणार नाही." मग साहेबाला फोन करून आठवडाभराची रजा घेतली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि न्हाणीच्या दगडावर दुपटी धुवायला बसला.

दुपारी ऊन तापलं तशी त्याची हाक आली. "मामा, दोरीवरची वाळत आली! ओलं करायला दुसरं काय हाय का?"

मांडीवर नात होती आणि धोतरावर कोमट काहीतरी पसरत चाललं होतं. बिरप्पा जागचा हलला नाही. लेकीच्या वेळी असं धोतर कधी भिजलंच नव्हतं त्याचं.

"आलं, पावनं, आलं!" तो आनंदानं ओरडला. "माजं धोतर बी घ्या!"