तेविशीच्या वरचे तिघे

वय ही माणसाच्या हातातली गोष्ट नाही, ती कार्यालयाच्या हातातली आहे. माणूस आपला नुसता वाढत जातो. तो नेमका कोणत्या तारखेला म्हातारा झाला हे परिपत्रक आल्यावरच कळतं.

अनेक देशांच्या, अनेक खेळांच्या त्या महोत्सवात पुरुषांच्या फुटबॉलला हे फार पूर्वीच कळलेलं आहे. तिथे धावणारा, पोहणारा, भाला फेकणारा कितीही वर्षांचा चालतो. फुटबॉलवाल्याला मात्र तेविसाव्या वर्षी वार्धक्य येतं. तरी नियम करणाऱ्यांचं काळीज दगडाचं नाही. प्रत्येक संघात तेविशी ओलांडलेल्या तीन जणांना घेण्याची मुभा त्यांनी ठेवली आहे. बहुतेक देश या तीन जागांवर आपले सगळ्यात कसलेले खेळाडू पाठवतात. त्या देशांत नियम किती वरवर वाचले जातात हे यावरून दिसतं.

या गोष्टीतल्या फुटबॉल महासंघात नियम नीट वाचले जात. महासंघाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. खोल्या चार, पंखे तीन, फुटबॉल एक (काचेच्या कपाटात, हात लावू नये). तिथल्या जावक विभागात जावक अण्णा बसत. जावक विभागात ते एकटेच होते, त्यामुळे विभागात एकोपा होता. महासंघातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर एकतीस वर्षं अण्णांनी क्रमांक घातला होता. स्वतः मात्र ते कुठेच गेले नव्हते. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि आपण इतकी वर्षं नेमकं काय केलं, असा प्रश्न त्यांना हल्ली जेवणाच्या सुट्टीत पडू लागला होता.

संघ निवडण्यासाठी बैठक झाली ती चार तास चालली. साडेतीन तास ब्लेझरच्या रंगावर गेले (गर्द निळा, दोन सदस्यांचा लेखी विरोध), पंचवीस मिनिटं चहावर, आणि उरलेल्या पाच मिनिटांत संघ ठरला. पंधरा पोरं तेविशीच्या आतली होती, त्यांच्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. प्रश्न तीन जागांचा होता. नियमात ‘तेवीस वर्षांवरील तीन व्यक्ती’ एवढंच म्हटलं होतं. त्यांना खेळता यावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा या जागा वयाने मोठ्या माणसांसाठी राखून ठेवल्या आहेत हे उघड होतं, आणि राखीव जागा ज्येष्ठतेने भरायच्या असतात, नाहीतर वशिल्याचा आरोप होतो. (गुणवत्तेने भरल्या असत्या तर तो झालाच असता, कारण गुणवत्ता एकाच माणसापाशी होती.)

“पण साहेब, डाव्या बाजूला कोण खेळणार?” प्रशिक्षकाने विचारलं.

“यादीप्रमाणे जो येईल तो,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही बाजूंची काळजी करू नका. बाजू मैदानाला असतात, माणसांना नसतात.”

हे वाक्य इतिवृत्तात घेण्यात आलं.

मग महासंघाशी संबंधित, तेविशीवरच्या सर्वांची वयानुसार यादी झाली. एकूण नावं एकेचाळीस. पहिले, अध्यक्षांचे मोठे बंधू, मानद सल्लागार, वय चौऱ्याहत्तर. दुसरे, भांडारपाल, वय एकसष्ट, मुदतवाढीवर. तिसरे, जावक अण्णा, वय सत्तावन्न वर्षं दहा महिने. आणि एकेचाळिसावा डावखुरा.

डावखुरा महासंघाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचा. रोजंदारीवर होता म्हणून त्याचं नाव यादीत आलं. बाकी त्याचा आणि महासंघाचा संबंध एवढाच, की संघ पात्र ठरला त्या सामन्यांतल्या अकरा गोलांपैकी नऊ त्याच्या डाव्या पायाने झाले होते. तेव्हा तो वयात बसत होता. पुढे मुख्य स्टेडियममधल्या कारंज्याचं पाणी वर चढेना, म्हणून महोत्सव वर्षभर लांबला, आणि त्या वर्षात डावखुरा अकरा दिवसांच्या फरकाने म्हातारा झाला.

यादी फलकावर लागली त्या दिवशी तो चुन्याने पांढरे झालेले हात घेऊन अण्णांच्या टेबलाशी आला.

“अण्णा, माझा नंबर कितवा?”

“एकेचाळीस.”

“म्हणजे शेवटचा?”

“शेवटचा असं नाही म्हणायचं,” अण्णा म्हणाले. त्यांना कोणाला दुखवायला जमत नसे. “यादीचा पाया म्हणायचं.”

“अण्णा, परदेशातल्या एका क्लबचा माणूस तिथे माझा खेळ बघायला येणार आहे. पत्र आलंय त्याचं. आता नाही तर पुन्हा कोण बघतंय? चार वर्षांनी मी सत्तावीसचा होईन.”

“चार वर्षांनी यादीत तू वर सरकलेला असशील,” अण्णा म्हणाले आणि लगेच त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भांडारपालांना हळूच विचारलं, “तुम्ही कधी फुटबॉल खेळलात का हो?”

“खेळलो?” भांडारपाल दुखावले. “बत्तीस वर्षं फुटबॉल माझ्याच कुलपात आहे!”

अण्णांनी स्वतः तो चेंडू अनेकदा पाहिला होता. पण काचेतून.

त्यांनी नियमांची पुस्तकं काढली. पुस्तकं हा त्यांचा एकुलता एक पराक्रम होता. परिशिष्ट चारमध्ये त्यांना एक तरतूद सापडली: यादीतल्या कोणालाही आपला हक्क लेखी सोडता येतो, मात्र ती जागा खालच्या क्रमांकाला जाते. म्हणजे अण्णांनी जागा सोडली तर ती चौथ्या क्रमांकाच्या ड्रायव्हरला मिळणार, त्याने सोडली तर पाचव्या क्रमांकाच्या टंकलेखिकाबाईंना (स्पर्धा पुरुषांची होती, पण यादी वयाची होती, आणि वयात भेद करणं नियमबाह्य होतं). डावखुऱ्यापर्यंत जागा उतरायची तर मध्ये सदतीस माणसं. अण्णांनी हक्कसोड अर्जाचा एक नमुना तयार केला, अडतीस रेघा आखल्या, आणि पहिली रेघ स्वतःसाठी ठेवून ते बाकीच्यांकडे निघाले.

आपलं काम एका टेबलावर अडेल याची त्यांना खात्री होती. तसं झालं नाही. सदतीस माणसांनी सदतीस सह्या केल्या, त्याही तीन दिवसांत. कार्यालयाच्या इतिहासात कोणत्याही कागदावर इतक्या वेगाने इतक्या सह्या झाल्याची नोंद नाही.

“द्या इकडे,” ड्रायव्हर म्हणाला. “त्या पोरासाठी काहीही! तुमची सही व्हायचीय अजून?”

“करतो ना. शेवटी करतो.”

“मग माझी घ्या की. तुम्ही आहात तोवर माझं काय जातंय?”

टंकलेखिकाबाईंनी तर सहीखाली ‘आनंदाने’ असं लिहिलं. आवक विभागाच्या तात्यांनी सही करताना डोळे पुसले आणि त्यागाविषयी अर्धा तास सांगितलं. शिपायाने दोनदा सही केली; एक खोडावी लागली. सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. आपल्याला न मिळालेली वस्तू सोडून देताना माणसाचं मन किती मोठं होतं, हे त्या तीन दिवसांत महासंघाला पाहायला मिळालं.

आता एकच रेघ कोरी होती. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

अण्णांचा विचार पक्का होता. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं, आणि घरी बातमी आधीच पोचली होती. बायकोचा धाकटा भाऊ पेढी बंद करून मुद्दाम आला होता. हा मेहुणा अण्णांना लग्नापासून ‘टपाल’ म्हणत असे.

“भावोजी,” तो आज म्हणाला, आणि चक्क उभं राहून म्हणाला, “आमच्या गल्लीत सांगितलं मी. देशाकडून खेळणारेत म्हटलं.”

“मी नाही जाणार बहुधा,” अण्णा पुटपुटले. “एक पोरगा आहे, तो खरा…”

“अहो,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “एकतीस वर्षांत तुमचं नाव एकदा तरी कुठे छापून आलंय का? लग्नाच्या पत्रिकेत आलं तेही चुकलं होतं. आता आलंय तर येऊ द्या. पोरगं तरुण आहे, त्याला काय, पुढे मिळेल.”

तिच्या आवाजात हट्ट नव्हता. असता तर अण्णांना सोपं गेलं असतं. मुलीने दुसऱ्या गावाहून फोन करून ‘बाबा, खरंच?’ एवढंच विचारलं, आणि ती हसली नाही.

डॉक्टरांनी तिघांना तपासून ‘वयाच्या मानाने तंदुरुस्त’ असा दाखला दिला. कोणत्या वयाच्या, ते लिहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता शिंप्याकडून ब्लेझर आला. खिशावर देशाचं चिन्ह, त्याखाली क्रमांक तीन. अण्णांनी ठरवलं होतं, आधी सही, मग बाकीचं. पण घातला नाही तर मापात आहे की नाही कसं कळणार, आणि मापात नसेल तर परत पाठवायला जावक क्रमांक लागणार, म्हणजे ते कामच होतं. त्यांनी ब्लेझर घातला. तो मापात होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू त्यांच्या खांद्यांवर जशी हवी तशी बसली होती. कपाटाच्या काचेत, त्या फुटबॉलच्या शेजारी, एक ओळखीचा वाटणारा पण बराच धीट माणूस उभा होता.

पेन शर्टाच्या खिशात होतं. पेन काढायचं तर ब्लेझरची बटणं काढावी लागणार होती.

पाच वाजता अण्णांनी अर्ज खालच्या खणात ठेवला आणि वर ‘कार्यवाही चालू’ असा शेरा मारला. शेरा पेन्सिलने मारला. ती टेबलावरच होती.

यानंतर स्पर्धेबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. गटात चार संघ होते. एकाने माघार घेतली, दुसऱ्याचे कागद अपुरे निघाले, तिसरा संघ चुकीच्या विमानतळावर उतरला. त्यामुळे आपला संघ एकही सामना न खेळता गटात पहिला आला. हे सगळं उद्घाटनाच्या आधीच उरकलं, कारण या महोत्सवात फुटबॉल उद्घाटनापूर्वी सुरू होतो. यजमान देशाच्या अध्यक्ष महोदयांनी महोत्सव सुरू झाल्याचं जाहीर केलं तेव्हा आपण बाद फेरीत होतो.

बाद फेरीत ज्येष्ठ तिघे मैदानात उतरले. कनिष्ठ खेळत असताना ज्येष्ठांना बाकावर बसवणं शिष्टाचारात बसत नव्हतं. सल्लागारांसाठी मैदानाच्या कडेला एक खुर्ची ठेवायला पंचांनी विशेष परवानगी दिली. आठ खऱ्या पोरांनी एकोणनव्वद मिनिटं जीव काढून सामना बरोबरीत ठेवला. आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू उसळून डाव्या बाजूला आला, थेट अण्णांच्या पायाशी. समोर गोलरक्षक पडलेला, जाळं मोकळं, अंतर आठ पावलं.

अण्णांनी चेंडूकडे पाहिलं. काचेशिवाय तो बराच मोठा दिसत होता. एकतीस वर्षांत वरिष्ठांना डावलून त्यांनी एकही गोष्ट थेट पाठवली नव्हती. त्यांनी चेंडू योग्य मार्गाने भांडारपालांकडे सरकवला. भांडारपालांनी तो दोन्ही पायांत घट्ट धरून मोजून घेतला आणि सल्लागारांकडे मंजुरीसाठी पाठवला. सल्लागार खुर्चीत डुलक्या घेत होते. चेंडू खुर्चीच्या पायाला लागून परत फिरला, समोरच्या संघाने उचलला, आणि शिट्टी वाजायच्या आत आपल्या जाळ्यात गेला.

प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत, एका माणसाने वहीत काहीतरी लिहायला घेतलं होतं. त्याने वही मिटली.

महासंघाच्या अहवालात ‘संघाने अखेरच्या क्षणापर्यंत कार्यपद्धतीचं पालन केलं’ असा गौरवपूर्ण उल्लेख आहे. अहवालात अण्णांचं नाव छापून आलं. बरोबर आलं.

परत आल्यावर ते मैदानावर गेले. डावखुरा ओणवा होऊन गोलसमोरची रेघ मारत होता. त्याने मान वर केली नाही.

“टीव्हीवर बघितलं, अण्णा. बॉल डावीकडे आला होता.”

“हो.”

“तो तिथे येतोच. नव्वदाव्या मिनिटाला थकतात ना सगळे, मग तिथेच येतो. मी तिथे उभा असतो नेहमी.”

डावखुऱ्याने रेघ पुरी केली आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

“ब्लेझर मात्र मस्त बसलाय,” तो म्हणाला. “रेघेवरून बाजूला व्हा, चुना लागेल.”

थोड्याच दिवसांत अण्णा निवृत्त झाले. त्यामुळे यादीत डावखुऱ्याचा क्रमांक चाळीस झाला. ही प्रगतीच म्हणायची.

हक्कसोड अर्ज अजून जावक टेबलाच्या खालच्या खणात आहे. वरची रेघ कोरी आहे. खाली मात्र महासंघाला जादा पानं जोडावी लागली, कारण ज्याच्या कानावर ही हकीकत जाते तो ‘अण्णांच्या जागी मी असतो तर डोळे मिटून सही केली असती’ असं म्हणतो, आणि कार्यालय त्याची लगेच सही घेतं. आजवर एकानेही नकार दिलेला नाही. आपणही आत्ता मनात तेच म्हणालात, तेव्हा आपल्यासाठीही एक रेघ आखून ठेवली आहे. येताना पेन आणण्याची गरज नाही. अण्णांचं तिथेच आहे; ते जवळजवळ नवंच आहे.